रूट लॉगिन आणि ॲप्टचे एरर : डेबियन-उबुंटूवर या चुका टाळा

डेबियन आणि उबुंटू या लिनक्स प्रणालींवर टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, पासवर्ड टाइप करताना बहुतेक ठिकाणी ना टिंब दिसतं ना चांदणी. कीबोर्ड बंद पडलेला नसतो. बिनधास्त टाइप करा आणि एंटर दाबा. तरीही पासवर्ड चुकतच असेल तर आधी कॅप्स लॉक बघा, मग कीबोर्ड मराठीवर राहिलाय का ते. आपल्याकडे हे फार होतं. शंका असेल तर पासवर्ड टेक्स्ट एडिटरमध्ये टाइप करून बघा आणि लगेच पुसा.

खरा घोळ होतो तो उबुंटूची कृती डेबियनवर करताना, किंवा उलट. उबुंटूमध्ये रूट खातं, म्हणजे सगळे हक्क असलेलं मुख्य खातं, सुरुवातीपासून कुलूपबंद असतं, त्याला पासवर्डच नसतो. म्हणजे रूटच्या खात्यात शिरायची 'एसयू' कमांड देऊन तुम्ही काहीही टाइप केलंत तरी 'ऑथेंटिकेशन फेल्युअर'च येणार. तिथे एखादी कमांड रूटच्या हक्काने चालवणारं सुडो आणि स्वतःचा पासवर्ड वापरायचा. डेबियनचा इन्स्टॉलर मात्र रूटचा पासवर्ड विचारतो. तो दिलात, तर पहिल्या यूजरला सुडोचा हक्क मिळत नाही. रिकामा सोडलात, तर उबुंटूसारखीच व्यवस्था होते. 'तुम्ही सुडोअर्स फाइलमध्ये नाही, या घटनेची नोंद होईल' हा दरडावणारा मेसेज बहुधा पहिल्या प्रकारातला, म्हणजे रूटचा पासवर्ड दिलेला असतानाचा. पोलीस येत नाहीत, लॉगमध्ये एक ओळ पडते, एवढंच.

अशा वेळी रूट व्हायचं ते नुसत्या 'एसयू'ने नाही. पुढे जागा सोडून एक डॅश हवा. २०१९ च्या डेबियन १० पासून नुसतं एसयू जुन्या यूजरचाच पाथ (कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी) पुढे चालवतं. मग यूजरचे गट बदलणाऱ्या यूजरमॉडसारख्या, 'एसबिन' फोल्डरमधल्या कमांड 'सापडत नाहीत' आणि माणूस नसलेलं पॅकेज शोधत बसतो.

यूजरमॉडने स्वतःला सुडो गटात (सुडोचा हक्क असलेल्यांच्या गटात) घालताना पर्याय लिहायचा तो डॅश, छोटा ए आणि मोठा जी. यातला ए गाळू नका. तो 'जोडा' असं सांगतो. तो नसला तर कमांडमध्ये लिहिलेले गट तेवढे राहतात, बाकीचे सगळे जातात. मी एकदा उबुंटूवर स्वतःला डॉकर गटात घालायला गेलो, ए विसरलो आणि सुडो गमावून बसलो. रूट कुलूपबंद, सुडो नाही! रीबूट करून ग्रबच्या, म्हणजे मशीन सुरू होतानाच्या, मेनूतून रिकव्हरी (दुरुस्तीच्या) मोडमध्ये जावं लागलं, तेव्हा कुठे सुटका झाली. आणखी एक : गट बदलल्यावर लॉगआउट करून परत लॉगिन करा. त्याशिवाय बदल लागू होत नाही, आणि लोक तीच कमांड दहादा देत राहतात.

आता ॲप्ट, म्हणजे पॅकेजं (प्रोग्राम) टाकायची कमांड. ती पॅकेजं प्रत्यक्ष बसवून घेते ती डीपीकेजीकडून. 'डीपीकेजी लॉक मिळत नाही' असं आलं की लॉकची फाइल उडवून टाका, हा सल्ला सर्रास दिला जातो. तो मानू नका. लॉक म्हणजे ती फाइल नव्हे. फाइल कायमच तिथे असते. चालू प्रोसेसने (चालत असलेल्या प्रोग्रामने) कर्नलकडून, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडून, त्या फाइलवर घेतलेला ताबा म्हणजे लॉक, आणि प्रोसेस संपली की तो आपोआप सुटतो. म्हणजे मेसेज येतोय तोवर कुणीतरी काम करतंय. फाइल उडवलीत तर दोन प्रोसेस एकाच वेळी पॅकेजांच्या डेटाबेसमध्ये लिहू लागतील. नव्या आवृत्त्यांत मेसेजमध्येच प्रोसेसचा नंबर असतो. मशीन नुकतंच सुरू केलं असेल तर बहुतेक वेळा आपोआप होणारं अपडेट चालू असतं. चहा घेऊन या.

इन्स्टॉल चालू असताना लाइट गेली, तर अर्धवट राहिलेलं काम 'डीपीकेजी, डॅश डॅश कॉन्फिगर, डॅश ए' ने पुरं करा. तरीही अवलंबित पॅकेजं अडकली तर 'ॲप्ट, डॅश डॅश फिक्स-ब्रोकन, इन्स्टॉल'. दोन्ही सुडोसह आणि याच क्रमाने.

'पॅकेज सापडत नाही' म्हटलं की आधी ॲप्ट अपडेट आणि नावाचं स्पेलिंग. अपडेटलाच ४०४ (फाइल सापडली नाही) येत असेल तर तुमची आवृत्ती जुनी होऊन तिच्या फाइली मुख्य सर्व्हरवरून संग्रहात गेल्या असण्याची शक्यता मोठी. सोर्स लिस्टमधला (पॅकेजं आणायच्या सर्व्हरांच्या यादीतला) पत्ता बदलून तात्पुरतं भागतं, पण सुरक्षेचे अपडेट मिळत नाहीत; नवी आवृत्ती टाकलेली बरी.

आणि 'रिलीज फाइल अजून वैध नाही' असं आलं तर सर्व्हरला दोष देण्याआधी 'डेट' कमांड देऊन बघा. घड्याळ मागे असेल तर ते जुळवा. जुन्या पीसीत ते रोजच मागे पडत असेल तर मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपलाय. बहुतेक बोर्डांना सीआर २०३२ लागतो.