गावातली गरिबी मोजायची तर आधी छेद नक्की करा

छेद म्हणजे टक्का ज्या एकूण संख्येपैकी काढायचा ती खालची संख्या. बेळगाव जिल्ह्याचा पाहणीतला टक्का उचलून त्यातल्या खानापूर तालुक्याला लावू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) निवडलेल्या प्रत्येक गावातून किंवा वॉर्डातून २२ घरं घेतली जात होती, आणि एका जिल्ह्याच्या वाट्याला सरासरी ९०० च्या आसपास घरं येत होती. त्यावरून जिल्ह्याचा अंदाज बांधता येतो. तालुक्यांत वाटली तर हाती फार थोडी घरं उरतात. शिवाय अथणीचा अवर्षणाचा भाग आणि कणकुंबी-जांबोटीचा पावसाळी जंगलपट्टा एकाच सरासरीत मिसळून जातात. गावाबद्दल बोलायचं असेल तर गावात मोजणी करावी लागते, आणि ती बहुतेक वेळा बिघडते ती घरांच्या यादीतच.

घरपट्टीच्या वहीवर विसंबू नका. त्या वहीत इमारती असतात, कुटुंबं नसतात. कुटुंब म्हणजे एका चुलीवर जेवणारी माणसं. एका छपराखाली दोन भावांच्या दोन चुली असतील तर ती दोन कुटुंबं धरायची. मळ्यातली घरं, डोंगराकडेच्या गवळ्यांच्या वस्त्या, पावसात वाट बंद होणाऱ्या वाड्या हे सगळं पायी फिरून नोंदवा. गोव्यात कामाला गेलेला मुलगा मोजायचा की नाही, हेही आधीच ठरवा. सहा महिन्यांपेक्षा कमी काळ बाहेर असेल तर घरातला, जास्त असेल तर बाहेरचा, असा नियम चालतो. ऊसतोडीच्या टोळ्या यादीत घ्यायच्या की नाहीत, ते लिहून ठेवा. नाही घेतल्या, तर तुमचा टक्का त्यांच्याबद्दल काहीच सांगत नाही.

समजा यादीत ४०० कुटुंबं आली. दहा टक्के इकडे-तिकडे एवढी चूक चालणार असेल तर ७८ पुरतात. ८० धरा, म्हणजे दर पाचवं घर. १ ते ५ मधली एक चिठ्ठी उचला आणि त्या घरापासून सुरुवात करा. दाराला कुलूप असेल तर शेजारचं घर घेऊ नका. दिवसा घरी सापडतात ती बहुधा म्हातारी माणसं किंवा बऱ्या परिस्थितीतली. मजुरीला गेलेलं घर संध्याकाळी गाठा, तीन खेपा करा. तरीही काही घरं हुकतील, म्हणून सुरुवातीलाच ८-१० घरं जादा निवडा.

वाड्यांमध्ये घरं कमी म्हणून तिथून मुद्दाम जास्त नमुना घेतला, तर हिशेबात भार लावावाच लागतो. उदाहरण घ्या. मुख्य गावात ३४० घरं, नमुना ६०, त्यात गरीब १२. वाड्यांत ६० घरं, नमुना ३०, त्यात गरीब १५. सरळ बेरीज केली तर ९० पैकी २७, म्हणजे ३० टक्के. हा आकडा चुकीचा आहे. मुख्य गावातले २० टक्के म्हणजे ६८ घरं, वाड्यांतले ५० टक्के म्हणजे ३० घरं. एकूण ४०० पैकी ९८, म्हणजे २४.५ टक्के. आणि घरं मोजता की माणसं, तेही सांगा. गरिबांची घरं मोठी असतील तर माणसांचा टक्का घरांच्या टक्क्याहून वर जातो.

गरीब कोण? बीपीएल कार्ड हे उत्तर नाही. खर्चावरून मोजायचं तर काम फार मोठं आहे. २०२२-२३ च्या सरकारी उपभोग खर्च पाहणीत ४०५ बाबी होत्या. भाजीपाला, तेल, मांस-मासळी सात दिवसांची, धान्य-इंधन तीस दिवसांचं, कपडे आणि टिकाऊ वस्तू वर्षाच्या, अशी विचारणी होती. तुम्ही वीस प्रश्नांत उरकलंत तर खर्च कमीच निघेल, आणि तो तेंडुलकर समितीच्या दारिद्र्यरेषेशी (कर्नाटक ग्रामीण, २०११-१२: माणशी महिना ९०२ रुपये) ताडून बघणं व्यर्थ आहे. घरचा तांदूळ, घरच्या म्हशीचं दूध आणि रेशनचं फुकट धान्य किलो-लिटरमध्ये वेगवेगळ्या रकान्यांत नोंदवा, किंमत नंतर लावा.

गावासाठी निती आयोगाची बहुआयामी पद्धत जास्त झेपते. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान यांना प्रत्येकी एकतृतीयांश भार. राहणीमानातल्या सात गोष्टींना (इंधन, शौचालय, पाणी, वीज, घर, वस्तू, बँक खातं) प्रत्येकी १/२१. उणिवांची बेरीज एकतृतीयांश किंवा जास्त झाली की ते कुटुंब गरीब. मात्र त्यात पोषण धरलेलं आहे आणि त्यासाठी वजन-उंची मोजावी लागते. ती मोजली नाहीत तर तुमच्या आकड्याला त्या निर्देशांकाचं नाव देऊ नका.

प्रश्न वापराबद्दल विचारा. ‘गॅस आहे का?’ असं विचारलं तर सिलिंडर दाखवतील, भात मात्र लाकडावर शिजतो. ‘काल रात्रीचा भात कशावर केला?’ असं विचारा, आणि जी चुलीपुढे असते तिलाच विचारा. गृहलक्ष्मी या कर्नाटक सरकारच्या योजनेत घरच्या बाईला मिळणारे महिन्याचे २००० रुपये गेल्या सहा महिन्यांत किती वेळा जमा झाले, हेही तिलाच विचारा, शक्य तर पासबुक पाहून.

सेवेच्या दर्जाबद्दल ‘समाधानी आहात का?’ हा प्रश्न टाकूनच द्या. लोक भिडेपोटी ‘बरं आहे’ म्हणतात. गेल्या खेपेला दवाखान्यात डॉक्टर भेटले का, किती वेळ थांबलात, कोणतं औषध बाहेरून घ्यावं लागलं, किती रुपये गेले? इथे छेद नीट सांभाळायला हवा. ८० घरांपैकी ३० सरकारी दवाखान्यात गेली आणि २७ ना औषध मिळालं, तर ते ९० टक्के त्या ३० पैकी आहेत. उरलेल्या ५० पैकी किती जण कोल्हापूर, मिरज किंवा गोव्याला गेले आणि का गेले, यातच दर्जा कळतो. शाळेसाठी इयत्ता दुसरीचा उतारा मूल ज्या माध्यमात शिकतं त्या भाषेत वाचून घ्या. कन्नड शाळेतल्या मराठी घरच्या मुलाला फक्त मराठीत तपासलंत तर तुम्ही शाळा मोजलीच नाही.

प्रश्नावली मराठी, कन्नड दोन्हींत ठेवा. कन्नड मजकूर दुसऱ्या कुणाकडून पुन्हा मराठीत करून घेऊन ताडून पहा. ‘घरात कोणती भाषा बोलता?’ हा प्रश्न अगदी शेवटी ठेवा. सीमाभागात तो आधी आला की लोकांना वाटतं भाषेची मोजणी चालली आहे, आणि पुढची उत्तरं बदलतात. कार्ड रद्द होण्याची भीती तर प्रत्येक दारात असते, म्हणून पंचायत सदस्य किंवा रेशन दुकानदार यांना सोबत नेऊ नका. नावांचा कागद वेगळा, उत्तरांचा वेगळा, दोन्हींवर फक्त क्रमांक. मोजणी झाल्यावर ८ घरी दुसऱ्या माणसाला पाठवून उत्तर बदलत नाही असे चार-पाच प्रश्न पुन्हा विचारा. दोनहून जास्त घरी उत्तरं जुळली नाहीत तर त्या गणकाची सगळी घरं पुन्हा करा.