पातळ पितळी पत्रा घरच्या सीएनसीवर: फीडचं नंतर, आधी पत्रा धरायला शिका

घरी ३०१८ (टेबलावर मावणारं छोटं सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कापायचं मशीन) आहे, लाकूड-ॲक्रिलिक करून झालंय आणि आता पितळेत उतरायचंय अशा भावांसाठी लिहितोय. जीआरबीएल (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर), झीरो घेणं (कटर कुठून सुरू होणार ते मशीनला सांगणं) तुम्हाला येतं असं धरतो.

सुरुवातीला माझे एक मिलीचे कटर पटापट तुटायचे आणि जो तो म्हणायचा फीड, म्हणजे कटर पुढं सरकायचा वेग, कमी कर. फीड फार कमी केला की कटर कापत नाही, नुसता घासतो, तापतो, बोथट होतो आणि तुटतोच. खरं दुखणं पत्रा धरण्यात असतं. चार कोपऱ्यांना क्लॅम्प मारले की घट्ट वाटतं, पण मधे बोटानं दाबून बघा, टक्कन आत जातो, म्हणजे खाली पोकळी आहे. नेहमीच्या एंडमिलचे (मिलिंगच्या कटरचे) पीळ बुरा वर काढतात तसे पत्र्यालाही वर ओढतात. आता हिशोब करा, कट लावलाय ०.१ मिमीचा, पत्रा उचलला ०.२, म्हणजे कटरच्या तोंडाला आलं ०.३, थेट तिप्पट! क्लॅम्प अजून आवळून हे जात नाही, उलट मधे फुगवटा वाढतो.

म्हणून पत्रा चिकटवायचा. बेडवर एमडीएफ लावा आणि त्याच मशीनवर कटर फिरवून तो सपाट करून घ्या, हे टाळू नका. पत्र्याची पाठ ॲसिटोननं पुसा. पाठीला मास्किंग टेप, एमडीएफला मास्किंग टेप, दोन्ही नीट दाबून मधे फेवीक्विक आणि वर वजन. मग परत मधे नखानं ठोका. पोकळ वाजलं तर उचला आणि परत चिकटवा, तसंच चालवू नका.

एवढं जमलं की पितळ सोपं आहे, घाबरू नका, ॲल्युमिनियमसारखं कटरला चिकटून बसत नाही. दोन धारेचा १ मिमी कार्बाइड कटर, १०,००० आरपीएम, फीड मिनिटाला २०० मिमी, म्हणजे प्रत्येक धारेला ०.०१ मिमी येतं. २० गेजचा पत्रा साधारण ०.९ मिमी असतो, ०.१ नं उतरत जा. कोरडंच चालवा, पाण्यानं एमडीएफ फुगतो. भंगारातला पत्रा शिकताना घेऊ नका, ग्रेड कळत नाही आणि शिसं नसलेलं पितळ चिवट कापतं, मग चूक कुठं झाली तेच समजत नाही.

कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या व्हीएमसीवरचे (कारखान्यातल्या मोठ्या सीएनसी मिलिंग मशीनवरचे) आकडे घरच्या मशीनला लावायचा शॉर्टकट मला अजिबात पटत नाही, ते मशीन टनात वजनाचं आणि आपलं हातानं उचलता येणारं. त्यापेक्षा कोल्हापूरच्याच उद्यमनगरातल्या एखाद्या जुन्या मिस्त्रींजवळ जाऊन उभे रहा, नुसत्या आवाजावरून कटर कापतोय का घासतोय ते सांगतात, ते कान तयार झाले पाहिजेत.

गॉगल घालूनच बसा, बुरा सुईसारखा उडतो. तोंडानं फुंकू नका, ब्रशनं काढा, आणि जेवायच्या आधी हात साबणानं धुवा, कटिंगच्या पितळेत शिसं असतं. पार्ट सुटत नसेल तर पात्यानं उचकटू नका, वाकला की परत सरळ होत नाही. कडेनं ॲसिटोन सोडा आणि थांबा, टेप आपोआप सैल होतो.