दुबळ्या हृदयाचं मॉडेल करायला घेताना

मेकॅनिकल किंवा गणितातून हृदयस्नायूच्या मॉडेलिंगकडे वळणाऱ्यांसाठी लिहितेय. डिफरन्शियल इक्वेशन आणि थोडं पायथन येतं, असं धरून चालते.

आल्या आल्या थ्री-डी फायनाइट एलिमेंटच्या मागे लागू नका. रंगीत चित्रांवर गाइड खूश होतात, पण आत काय चाललंय ते आपल्यालाच कळत नाही. सुगा आणि सागावा यांचं बदलत्या इलॅस्टन्सचं, म्हणजे ठोक्याच्या ओघात हृदयाचा ताठरपणा कमीजास्त होतो असं मानणारं मॉडेल घ्या, त्याला विंडकेसल, म्हणजे धमन्यांचं साधं मॉडेल, जोडा आणि प्रेशर-व्हॉल्यूम लूप, म्हणजे एका ठोक्यातला दाब-आकारमानाचा आलेख, स्वतः काढा.

आता खरा सापळा. पेशंटचा एक लूप मिळतो, फिट झकास बसतो आणि आकुंचनशक्ती इतकी घटली असं आपण लिहून मोकळे होतो. थांबा. समजा, आकुंचनाच्या शेवटी दाब 100 एमएमएचजी आणि आकारमान 130 मिली आहे. आकारमानातून व्ही-नॉट, म्हणजे दाब शून्य असतानाचं आकारमान, वजा करायचा आणि दाबाला त्याने भागायचं, की इलॅस्टन्स मिळतो. व्ही-नॉट 10 धरला तर 0.83, 50 धरला तर 1.25. इलॅस्टन्स म्हणजे व्ही-नॉटपासून काढलेल्या रेषेचा चढ, आणि दोन्ही रेषा त्याच बिंदूतून जातात! एका बिंदूवरून रेषेचा चढ ठरत नाही हे शाळेतलं गणित, पण ऑप्टिमायझरने आकडा हातात ठेवला की ते डोक्यातून जातं. माझे कितीतरी महिने यात गेले. एरर कमी आला म्हणजे पॅरामीटर खरा ठरत नाही. भार बदलत घेतलेले अनेक लूप लागतात. त्यासाठी कॅथलॅबमध्ये खालची महाशिरा फुग्याने क्षणभर अडवतात. तो डेटा नसेल, तर व्ही-नॉट बदलून उत्तर कुठून कुठे सरकतं तो पल्ला द्या. एकच आकडा छापू नका.

इजेक्शन फ्रॅक्शनवरही, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतल्या रक्ताचा किती हिस्सा बाहेर टाकतं त्या आकड्यावरही, विसंबू नका. स्नायू तसाच असला तरी रक्तदाब चढल्यावर ते घसरतं. आणि ते 50 टक्क्यांच्या वर असूनही हार्ट फेल्युअर असू शकतं.

पेशीपर्यंत जायचं असेल तर माणसाच्या हृदयपेशीचं 2011 चं ओहारा-रूडी मॉडेल तयार मिळतं. उतरवून घ्या, त्यात कमीपणा नाही. मात्र सर्काचा, म्हणजे कॅल्शियम परत पेशीतल्या साठ्यात ओढणाऱ्या पंपाचा, वेग स्वतः निम्मा करून पाहा: कॅल्शियमची लाट बुटकी होते, ओसरायलाही वेळ लावते.

वैद्यकीय शब्दांना घाबरू नका, ते अंगवळणी पडतात. कार्डिऑलॉजीच्या एखाद्या रेसिडेंटशी ओळख काढा, परवानगी घेऊन इकोच्या खोलीत बसा. प्रोब जरा तिरका झाला की त्याच हृदयाचं आकारमान वेगळं येतं. ते एकदा पाहिलं की तिसऱ्या दशांशापर्यंत फिट करायचा हट्ट सुटतो.