कागदाच्या धंद्याचा एनआयसी कोड: आधी शेडमध्ये बघा, मग पोर्टलवर

उद्यम नोंदणीसाठी, म्हणजे छोट्या-मध्यम धंद्यांच्या सरकारी नोंदणीसाठी, माझ्याकडे येणारे बरेच जण दारातूनच सांगतात, "मॅडम, कागदाचा धंदा हाय, कागदाचा कोड टाका." कागदाचा म्हणजे १७. एवढं बरोबरच आहे, एनआयसी २००८ मध्ये, म्हणजे धंद्यांच्या सरकारी वर्गीकरणाच्या यादीत, कागद आणि कागदी वस्तूंचा विभाग १७च आहे. पण फॉर्मला पाच आकडे लागतात आणि खरा घोळ पुढच्या दोन आकड्यांत होतो.

म्हणून मी पोर्टल उघडायच्या आधी एकच विचारते: दादा, तुमच्या शेडमध्ये लगदा होतो का?

होत असेल, तर १७०१. लगदा, कागद आणि पुठ्ठा मुळातून तयार करणारे सगळे इथे येतात. रद्दी भिजवून, तिची शाई काढून पुन्हा लगदा करणाराही इथलाच. इचलकरंजीच्या सुती चिंध्यांपासून हातकागद करायचा म्हटलं, तर तोही १७०१, मग युनिट कितीही छोटं असो. मात्र रद्दी गोळा करून गठ्ठे बांधून मिलला विकणारा कागद बनवत नाही. त्याचा धंदा व्यापाराचा, ४६६९.

लगदा होत नसेल, तर १७०१ विसरायचं. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावकडचे आपले बहुतेक लोक मिलमधून क्राफ्टची (खोक्यांच्या तपकिरी कागदाची) रिळं आणून पुढचं काम करतात. कोरुगेटेड (नालीदार) शीट, गुळाचे खोके, कास्टिंगचे (ओतीव सुट्या भागांचे) जाड खोके, चपलांचे घडीचे बॉक्स, कागदी पिशव्या, ऑफिसातल्या बॉक्स फायली, हे सगळं १७०२. सोपं करून सांगायचं तर, ज्यात काहीतरी भरून द्यायचं ते १७०२. पण हा नियम कप आणि द्रोणांना लावू नका. कागदी कप, प्लेटा, टिश्यू, पाकिटं, लेबलं आणि लगद्याचे अंड्यांचे ट्रे १७०९ मध्ये जातात. ट्रेवाला लगदा करतो हे खरं, पण त्याच्या गेटमधून बाहेर पडतो तो ट्रे, कागद नव्हे. माझ्या प्रश्नाला हा एक अपवाद धरून चाला.

इचलकरंजीकडच्यांशी माझा नेहमीचा वाद सुताच्या कागदी कोनांवरून होतो. "आक्का, माल जातोय सूतगिरणीला, मग टेक्स्टाइलच की!" नाही. गिऱ्हाईक कोण आहे यावर कोड ठरत नाही, तुम्ही काय बनवता यावर ठरतो. कागदी कोन, बॉबिन, ट्यूब १७०९ मध्येच.

वह्यांचं प्रकरण जरा नाजूक आहे. कोऱ्या किंवा आखलेल्या वह्या, रजिस्टरं, खातेवह्या १७०९. छापलेला मजकूरच विकत असाल, म्हणजे लग्नपत्रिका, कॅलेंडर, पावतीपुस्तकं, तर ते छपाईचं काम, १८११. कव्हरवर गणपती छापला म्हणून वहीचा कारखाना छापखाना होत नाही. दोन्ही कामं चालत असतील तर दोन्ही कोड टाका. उद्यममध्ये एकापेक्षा जास्त कोड देता येतात. फक्त जास्त उलाढाल ज्याची, तो पहिला ठेवा.

पहिले चार आकडे पक्के झाले की पाचवा यादीत वाचून निवडायचा. उदाहरणार्थ, १७०११ म्हणजे लगदा, १७०१२ म्हणजे वृत्तपत्राचा कागद. शेवटी ९ असलेला कोड बहुधा 'इतर'चा असतो आणि घाईत लोक तोच उचलतात. वरच्या ओळींत तुमची वस्तू नावानिशी नसेल तरच तिथं जा. पोर्टलवर शब्द टाकून शोधता येतं, पण 'पेपर' टाकलंत तर सँडपेपरही पुढ्यात येईल आणि त्याचा कोड २३९९ आहे. त्यापेक्षा १७, मग चार आकडे, मग पाच, असं पायरीनं उतरा.

एचएसएन, म्हणजे जीएसटीतला मालाचा नंबर, वेगळा, एनआयसी वेगळा. जीएसटीच्या बिलावर खोक्यांना ४८१९ येतो, वह्यांना ४८२०. ते मालाचे नंबर आहेत, धंद्याचे नव्हेत. मजुरीवर काम करणारे इथं हमखास अडकतात. कागद दुसऱ्याचा, तुम्ही फक्त खोकी करून देता; जीएसटीत ही सेवा. म्हणून लोक उद्यममध्येही सेवा निवडतात. एनआयसीच्या हिशेबात मात्र माल दुसऱ्याचा असला तरी काम उत्पादनाचंच, कोड तोच १७०२. कर्जाला जाताना याचा फरक पडतो: पीएमईजीपीत, म्हणजे नव्या धंद्याला कर्जावर अनुदान देणाऱ्या केंद्राच्या योजनेत, उत्पादनाला ५० लाखांपर्यंतचा प्रकल्प धरतात, सेवेला २० लाखांपर्यंतच.

उगाच १७०१ टाकण्यातही डोकेदुखी आहे. लगदा आणि कागद उद्योग केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या १७ अतिप्रदूषणकारी उद्योगांत मोडतो. मंडळाची संमती एनआयसीवर ठरत नाही हे खरं. पण पिशव्या चिकटवणाऱ्याच्या उद्यमवर पेपर मिल दिसली की बँकेचा माणूस पाणी कुठून आणता, सांडपाणी कुठं सोडता, असं विचारणारच. पंचगंगेच्या काठी राहतो आपण, तो प्रश्न येणारच.

नोंदणी फुकट आहे, कोड नंतर बदलता किंवा वाढवता येतो, त्यालाही पैसे लागत नाहीत. माझ्यासारखीला द्याल ती फी बसून भरून दिल्याची. 'सरकारी फी' म्हणून कुणी मागितली तर देऊ नका. प्रमाणपत्र हातात आलं की प्रकल्प अहवालातलं धंद्याचं वर्णन आणि कोडापुढचं वर्णन एकदा शेजारी ठेवून वाचा. अहवालात 'कागदी पिशव्या' आणि प्रमाणपत्रात 'लगदा' असेल, तर बँकेत जायच्या आधी दुरुस्त करून घ्या.