रिकामी टाकी जास्त घातक

बाइकची पेट्रोल टाकी गळू लागली की आपण ती रिकामी करून थेट वेल्डिंगवाल्याकडे नेतो. थांबा! रिकाम्या टाकीतही पेट्रोलची वाफ उरते; भडका त्या वाफेचाच उडतो, आणि हवेत जेमतेम 1.4 टक्के वाफ त्याला पुरते. उन्हात वाळवून भागत नाही. सांध्यांत, गंजाच्या थरात मुरलेलं पेट्रोल पत्रा तापला की पुन्हा वाफ होऊन बाहेर येतं. कॉक (पेट्रोलची तोटी), फ्लोट (पेट्रोलची पातळी मोजणारा तरंगता भाग), झाकण काढा. गरम पाणी आणि डिटर्जंटने अनेकदा धुवा, गॅस डिटेक्टरने तपासून घ्या. मग वेल्डच्या जागेच्या जरा खालपर्यंत पाणी भरा, वरच्या पोकळीत आर्गॉन हा न पेटणारा वायू सोडा. तोंड उघडंच ठेवा. सुईएवढंच छिद्र असेल तर मी वेल्डिंग टाळायलाच सांगेन; पेट्रोलला टिकणारा इपॉक्सी (घट्ट होणारा डिंकासारखा लेप) लावा.