गाडीच्या आतील सफाईसाठी पोर्टेबल एक्स्ट्रॅक्टर घेताना या चुका टाळा

मागच्या सीटवर दूध सांडले होते. मी हातात उचलून नेता येईल असा एक लहान एक्स्ट्रॅक्टर, म्हणजे कापडावर पाणी फवारून ते मळासकट परत ओढून घेणारे यंत्र, आणले, सांडलेल्या जागी भरपूर फवारा मारला, चार-पाच वेळा नोझल फिरवले आणि कापड वरून जवळजवळ कोरडे लागले म्हणून गाडीची दारे लावून घेतली. तिसऱ्या दिवशी दार उघडताच आंबूस वासाचा भपकारा आला. सीटवर तळहात टेकवून जोर दिला, तर बोटांच्या मधून पांढुरके पाणी वर आले आणि हात काढताच फोमने ते पुन्हा आत ओढून घेतले. त्या यंत्राने पाणी आत घातले होते, पण ते बाहेर काढण्याइतके सक्शन त्याच्यात नव्हते. आणि यंत्र घेताना मी नेमकी तीच गोष्ट पाहिली नव्हती.

एक्स्ट्रॅक्टरची रचना साधी असते. एका टाकीत पाणी आणि सफाईचे द्रावण असते, पंप ते नळीतून हातातल्या अवजारापर्यंत, म्हणजे हँड टूलपर्यंत नेतो, तेथील स्प्रे टिपमधून ते कापडावर पडते, आणि लगेच शेजारच्या फटीतून व्हॅक्यूम मोटर मळकट पाणी ओढून दुसऱ्या टाकीत जमा करते. या प्रकारचे जवळपास प्रत्येक यंत्र फवारा व्यवस्थित मारते. फरक पडतो तो पाणी परत किती येते यात, आणि म्हणून यंत्राची निवड करताना प्रत्येक वैशिष्ट्य याच एका कसोटीवर तपासावे असे मला मनापासून वाटते.

वॅटचा आकडा पाहून यंत्र ठरवणे

खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा वॅटचा असतो, आणि तो फक्त यंत्र किती वीज घेते एवढेच सांगतो. त्यातली काही वीज पंपाला जाते, हीटर असेल तर बराच मोठा वाटा तोच घेतो, आणि उरलेल्या विजेतून किती सक्शन निर्माण होते हे मोटर व पंख्याच्या रचनेवर ठरते. त्यामुळे हीटर असलेले १५०० वॅटचे यंत्र हीटर नसलेल्या १००० वॅटच्या यंत्रापेक्षा कमी पाणी ओढू शकते.

पाहायचे आकडे दोन आहेत. पहिला वॉटर लिफ्ट, म्हणजे यंत्र बंद नळीतून पाण्याचा स्तंभ किती इंच उंच ओढू शकते हे माप. १०० इंच म्हणजे सुमारे २५ किलोपास्कल. दुसरा सीएफएम, म्हणजे दर मिनिटाला किती घनफूट हवा ओढली जाते हे माप. फोमच्या छिद्रांत अडकलेले पाणी सोडवून घेण्याचे काम लिफ्ट करते, तर सुटलेले थेंब नळीतून टाकीपर्यंत वाहून नेण्याचे आणि कापड कोरडे करण्याचे काम हवेचा प्रवाह करतो. व्यावसायिक दर्जाच्या पोर्टेबल यंत्रांत लिफ्ट साधारण १०० इंचांच्या आसपास किंवा त्याहून जास्त आढळते. घरगुती लहान यंत्रांच्या माहितीपत्रकात हे आकडे पुष्कळदा दिलेलेच नसतात, आणि तसे असेल तर प्रत्यक्ष चाचणीशिवाय यंत्र घेऊ नये.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवावा. कमाल लिफ्ट मोजतात तेव्हा तोंड पूर्ण बंद असते आणि हवा मुळीच वाहत नसते. कमाल सीएफएम मोजतात तेव्हा तोंड पूर्ण उघडे असते आणि लिफ्ट जवळजवळ शून्य असते. सीटवर काम करताना आपण या दोन टोकांच्या मधे कोठेतरी असतो. म्हणून एक आकडा फार मोठा आणि दुसरा फार लहान असे यंत्र घेण्यापेक्षा दोन्ही बऱ्यापैकी असलेले यंत्र घ्यावे.

चाचणी घरच्या घरी किंवा भाड्याच्या यंत्रावरही करता येते. आधी थोडे पाणी फवारून नळी भरून घ्यावी आणि मळकट पाण्याची टाकी रिकामी करावी. मग मोजून १ लिटर पाणी एखाद्या जुन्या जाड गादीवर किंवा सीटवर फवारावे, नेहमीप्रमाणे ओढून घ्यावे आणि परत आलेले पाणी मापाच्या भांड्यात ओतावे. ७०० मिलिलिटर परत आले, तर सुमारे ३०० मिलिलिटर त्या फोममध्येच राहिले आहे. हाच प्रयोग दोन यंत्रांवर एकाच प्रकारच्या फोमवर केला, तर कोणत्याही जाहिरातीपेक्षा जास्त कळते.

फवाऱ्याचा दाब जितका जास्त तितकी सफाई चांगली, हा समज

मोठ्या इमारतींतील कार्पेटसाठी बनवलेल्या काही यंत्रांचा दाब ५०० पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे दर चौरस इंचावर किती पाउंड दाब पडतो ते माप) जातो. घट्ट विणीच्या, खाली पक्की जमीन असलेल्या कार्पेटला तो चालतो. गाडीच्या सीटचे कापड पातळ असते, त्याखाली लगेच फोम असतो, आणि जास्त दाबाचे पाणी कापड न धुता सरळ फोमच्या पोटात जाते, जेथपर्यंत कोणत्याही हँड टूलचे सक्शन नीट पोहोचत नाही. गाडीसाठी ५० ते १०० पीएसआय, म्हणजे सुमारे ३.५ ते ७ बार, पुरेसे आहेत. डाग सुटतो तो मुख्यतः आधी मारलेल्या द्रावणाला पाच-दहा मिनिटे मुरू दिल्याने आणि मऊ ब्रशने हलके घासल्याने. दाबाचे काम फक्त सुटलेला मळ वाहून नेण्याचे आहे.

हीटरबद्दलही असाच घाईचा निर्णय होतो. तेलकट, चिकट मळ गरम पाण्याने लवकर सुटतो हे खरे आहे, परंतु दूध, रक्त, अंडे, उलटी यांसारख्या प्रथिने असलेल्या डागांवर आधीच गरम पाणी पडले, तर प्रथिने घट्ट होऊन धाग्याला धरून बसतात. अशा डागांना आधी थंड पाणीच हवे. त्यामुळे हीटर असलेले यंत्र घ्यायचे असेल, तर तो स्वतंत्र बटणाने बंद करता येतो का हे पाहावे. हीटर नसलेल्या यंत्राच्या टाकीत उकळते पाणी ओतणे ही तर थेट यंत्र बिघडवणारी चूक आहे. प्लास्टिक वाकते, जोडांचे रबर सैल पडते. पुस्तिकेत दिलेली तापमानाची मर्यादा पाळावी.

टाकी, नळी आणि हातातले अवजार

टाकीबाबत फार लिहिण्यासारखे नाही. दोन-अडीच लिटरच्या टाकीने एखादा डाग निघतो, संपूर्ण गाडी करायची तर सारखे उठून पाणी भरावे लागते. उलट १५ लिटरची टाकी भरली की यंत्राच्या वजनात १५ किलोची भर पडते आणि पोर्टेबल हा शब्द नावापुरता उरतो. मळकट पाण्याची टाकी स्वच्छ पाण्याच्या टाकीपेक्षा लहान नसावी, कारण तिला पाण्याबरोबर फेसही सामावून घ्यायचा असतो.

हँड टूलकडे मात्र बहुतेक जण ढुंकूनही पाहत नाहीत, आणि माझ्या मते अर्धी निवड तेथेच व्हायला हवी. सीटच्या कडेचा उंचवटा हाताने चाचपून पाहा: तो दोन्ही बाजूंनी गोलाकार असतो. त्यावर पाच-सहा इंच रुंद तोंड ठेवले, तर मधला भाग टेकतो आणि दोन्ही कोपरे हवेत राहतात. त्या फटींतून हवा आत शिरते, लिफ्ट कोसळते आणि यंत्र कितीही ताकदवान असले तरी पाणी जागचे हलत नाही. त्याच जागी तीन-साडेतीन इंचांचे तोंड पूर्ण टेकते आणि आवाजातला बदल लगेच कानाला कळतो. मोकळा घोंघावणारा आवाज दबून जड होतो. तोंड पारदर्शक असावे, म्हणजे आतून जाणारे पाणी काळपट आहे की निवळले आहे, आणि थेंब येणे थांबले का, हे डोळ्यांना दिसते. ते दिसत नसेल, तर कधी थांबायचे याचा केवळ अंदाज बांधावा लागतो.

नळी गाडीबाहेर जमिनीवर ठेवलेल्या यंत्रापासून समोरच्या दाराच्या आतल्या कोपऱ्यापर्यंत पोहोचली पाहिजे, पण गरजेपेक्षा लांब नळी सक्शन खाते, हे लांबीच्या मोहात विसरले जाते. तसेच स्प्रे टिप, ओ-रिंग (जोडातून गळती रोखणारे रबरी कडे), टाकीच्या झाकणाचे रबर आणि फिल्टर हे भाग सुटे मिळतात का, याची चौकशी यंत्र घेण्यापूर्वी करावी. हे सर्वांत लवकर झिजणारे भाग आहेत.

वर्षातून एक-दोनदा एकच गाडी धुवायची असेल, तर ओल्या-कोरड्या दोन्ही कामांसाठीचा चांगला व्हॅक्यूम क्लीनर, त्याला लावता येणारे अपहोल्स्ट्रीचे, म्हणजे सीटच्या कापडासाठीचे तोंड आणि हाताने दाबायचा साधा स्प्रे पंप एवढ्यावर काम भागते, आणि त्याचे सक्शन पुष्कळ लहान घरगुती एक्स्ट्रॅक्टरपेक्षा सरस असते. केवळ कोरड्या धुळीसाठी असलेल्या व्हॅक्यूम क्लीनरने पाणी कधीही ओढू नये. पाणी मोटरमध्ये जाते आणि विजेचा धक्का बसू शकतो. स्टीम क्लीनर हा एक्स्ट्रॅक्टरचा पर्याय नव्हे. तो मळ सैल करतो, पण बाहेर काढत नाही.

विजेचा हिशेब न करणे

गाडीतल्या १२ व्होल्टच्या सॉकेटवर इन्व्हर्टर लावून यंत्र चालवता येईल असे अनेकांना वाटते. १२०० वॅटचे यंत्र १२ व्होल्टवर १०० अँपिअर मागते, आणि त्या सॉकेटचा फ्यूज साधारणपणे १० ते २० अँपिअरचा असतो. त्यामुळे भिंतीवरच्या सॉकेटपर्यंतचे अंतर आधी मोजावे. एक्स्टेन्शन लागणारच असेल, तर ती अर्थिंग असलेली आणि जाड तारेची असावी, पूर्ण उलगडून वापरावी आणि तिची जोडणी ओल्या जमिनीवर पडू देऊ नये. बारीक तारेत व्होल्टेज घसरते, मोटर मंदावते आणि दोष विनाकारण यंत्राला दिला जातो.

यंत्र योग्य, पण वापर चुकला

सीट आधी कोरड्या व्हॅक्यूमने साफ न करता पाणी मारले, तर सुटी माती चिखल होऊन आणखी खोल जाते. शाम्पू जास्त घातला, तर त्याचा चिकट अंश धाग्यांत राहतो आणि सीट पूर्वीपेक्षा लवकर मळते. पाण्याच्या बाबतीत माझा नियम असा आहे की फवारा सोडत एकदाच फिरवायचे आणि फवारा बंद ठेवून त्याच जागेवरून किमान तीन वेळा सावकाश ओढायचे. हात जितका संथ, तितके जास्त पाणी येते.

पुढच्या सीटखाली वायरिंग, जोडण्या आणि सीटवर माणूस बसल्याचे ओळखणारे सेन्सर असू शकतात. एअरबॅगच्या जोडण्या सहसा पिवळ्या रंगाच्या असतात. त्या भागात फवारा सोडू नये, ओलसर कापडानेच पुसावे. छताचे कापड गोंदाने चिकटवलेले असते आणि भिजले की लोंबू लागते, म्हणून तेथे एक्स्ट्रॅक्टर लावूच नये. चामड्याच्या सीटलाही हे यंत्र नको.

ओल्या राहिलेल्या वस्तूवर २४ ते ४८ तासांत बुरशी धरू शकते, त्यामुळे काम सकाळी सुरू करावे, मॅट बाहेर काढाव्यात, दारे उघडी ठेवून पंखा लावावा. कापड वरून कोरडे लागणे हा पुरावा नव्हे. पांढरे कोरडे फडके सीटवर ठेवून त्यावर गुडघ्याने अर्धा मिनिट भार द्यावा. फडके ओले झाले, तर फोम अजून ओला आहे.

वाळल्यावर डाग पुन्हा वर दिसला, तर बहुतेक वेळा तो डाग नवा नसतो. खोल राहिलेले पाणी वर येऊन सुकताना आपल्याबरोबर मळ घेऊन आलेले असते. अशा वेळी आणखी शाम्पू न मारता थोड्या साध्या पाण्याने धुऊन जास्त वेळ ओढावे आणि रात्रभर जाड टॉवेल दाबून ठेवावा.

यंत्र बिघडले असे वाटते तेव्हा

सक्शन एकाएकी कमी झाले, तर आधी मळकट पाण्याची टाकी पाहावी. ती भरली किंवा फेस वर आला की फ्लोट, म्हणजे टाकीतला तरंगणारा भाग, उचलला जाऊन हवेची वाट बंद करतो. फेस असेल तर फेसनाशक द्रव टाकीत घालावा. फेस मोटरपर्यंत पोहोचू देऊ नये. टाकी रिकामी असूनही सक्शन नसेल, तर झाकणाचे रबर सरकले आहे का, नळीत केस व धाग्यांचा बोळा अडकला आहे का, हे क्रमाने तपासावे. नळी यंत्रापासून काढून यंत्राच्या तोंडावर तळहात ठेवला आणि जोरदार ओढ लागली, तर दोष नळीत किंवा हँड टूलमध्ये आहे.

फवारा येत नसेल, पण पंपाचा आवाज येत असेल, तर बहुधा पंपात हवा अडकलेली असते किंवा टाकीच्या तळाची जाळी तुंबलेली असते. आवाज येतो, बारीक धार वाकडी पडते, अशी तक्रार असेल तर स्प्रे टिपमध्ये क्षार साचले आहेत. टिप काढून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये अर्धा तास बुडवावी आणि मऊ ब्रशने साफ करावी. सुईने टोचू नये, कारण छिद्र मोठे झाले की फवाऱ्याचा पंख्यासारखा पसरट आकार बिघडतो आणि एकाच जागी जास्त पाणी पडू लागते. जोडातून थेंब गळत असतील, तर ओ-रिंग बदलावी. काम झाल्यावर साधे पाणी पंपातून फिरवून घ्यावे आणि दोन्ही टाक्या रिकाम्या करून झाकणे उघडी ठेवूनच यंत्र आत ठेवावे, नाहीतर पुढच्या वेळी टाकीतलाच कुबट वास सीटवर फवारला जाईल.