बॅटरी एका कंपनीची, पटाशी कोणाचीही

सुतारकामात एकाच कंपनीला धरून राहायचं ते बॅटरीवरच्या मशीनपुरतं. मकिताची १८ व्होल्टची बॅटरी बॉशच्या ड्रिलला बसत नाही. इतकंच कशाला, बॉशच्याच हिरव्या घरगुती मशीनची १८ व्होल्टची बॅटरी त्यांच्या निळ्या व्यावसायिक मशीनला चालत नाही! म्हणून पहिलं ड्रिल घेतानाच, पुढे लागणारी करवत नि सँडर (लाकूड घासून गुळगुळीत करायचं मशीन) त्याच बॅटरीवर मिळतात का ते बघा. मग नुसतं मशीन घेता येतं, बॅटरी-चार्जरचे पैसे वाचतात.

वायरवाल्या मशीनला हे बंधन नाही. तिथे मी नावाआधी विचारतो, मोटरमधले झिजणारे कार्बन ब्रश जळगाव-धुळ्यात मिळतील का? करवतीचं गोल पातं तर कोणाचंही चालतं. व्यास आणि मधलं भोक जुळलं पाहिजे, आणि पात्यावर छापलेला कमाल आरपीएम (मिनिटाला फेरे) मशीनपेक्षा कमी नको.

पटाशीला, म्हणजे हाताने लाकूड कोरायच्या हत्याराला, मात्र नाव बघूच नका, लाकूड बघा. सागात गोड चालणारी पटाशी वाळक्या बाभळीत धार टाकते. आमच्या मिस्त्रींना लोहाराकडून घडवलेलीच आवडते, आणि मला त्यात काही चूक दिसत नाही.

आणि हो, मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये तापलेली बॅटरी, कंपनी कोणतीही असो, गार झाल्याशिवाय चार्जिंगला लावू नका.